नजर जाते तिथवर

बैलबाजारातली जुनी रीत अशी, की भाव तोंडानं ठरत नाही. दलाल गिऱ्हाइकाचा हात हातात घेतो, वरून टॉवेल टाकतो आणि पुढचं सगळं बोटांवर चालतं. शेजारी उभ्या असलेल्याला आकड्याचा पत्ता लागत नाही. जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात असा एक सौदा मी टिपला. घरी येऊन तो फोटो पडद्यावर मोठा केला आणि कात्री कुठं लावायची या विचारात बराच वेळ बसून राहिलो.

चौकटीच्या मधोमध तो चौकड्यांचा टॉवेल आणि त्याखाली गुंतलेले दोन हात. उजवीकडे दलाल, नजर आभाळात, चेहऱ्यावर काहीच नाही. डावीकडे गिऱ्हाईक, ओठ घट्ट मिटलेले. त्याच्या मागं बैलाचा मालक, कासरा मुठीत आवळून उभा. तो हातांकडे बघतच नाही, बैलाकडे बघतोय. आणि बैलाचं अर्धं तोंड अगदी डाव्या कडेला, तेही जेमतेम आलेलं. पलीकडे पिकअपचं मागचं फाळकं, कागदातली भेळ खाणारा एक पोरगा, आणि वर पांढरंफटक आभाळ.

नुसता टॉवेल ठेवला, तर फोटो देखणा होतो. दोन मनगटं, एक कापड, बाकी काही नाही. मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभावा असा. दोन चेहरे घेतले तर चुरस येते. पण दोन्हींत विकलं काय जातंय तेच नाहीसं होतं. मालकाची नजर आणि बैलाचं अर्धं तोंड राहिलं, तरच तो सौदा कुणाला महाग पडतोय ते कळतं. मी आभाळ कापलं, पिकअप कापली, भेळवाला पोरगाही कापला, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. बैलाच्या तोंडाला मात्र हात लावला नाही. तिथं चौकट थोडी लंगडी दिसते, डावी बाजू जड होते. असू दे.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो. माणूस जिकडे बघतोय, ती गोष्ट मूळ चौकटीत आली असेल तर ती कापायची नाही. देणारा हात ठेवला तर घेणाराही ठेवायचा. रस्त्यावरच्या आणि बाजारातल्या फोटोत गोष्ट एका माणसात क्वचितच असते. ती दोघांच्या मधल्या जागेत असते, आणि क्रॉप करताना पहिला घाव त्या जागेवर पडतो. कारण ती जागा रिकामी दिसते.

फोटो कापूच नये, असं मानणारा एक मोठा पंथ आहे. त्याचे आद्य गुरू हेन्री कार्तिये-ब्रेसाँ. चौकट बटण दाबतानाच पक्की व्हायला हवी, नंतरची छाटाछाट म्हणजे भूमितीचा विचका, असं त्यांचं मत. पण पॅरिसच्या सें-लाझार स्थानकामागं डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ मधला जगप्रसिद्ध फोटो कापलेलाच आहे. ते फळ्यांच्या फटीतून बघत होते आणि मूळ निगेटिव्हच्या डाव्या बाजूला ती फळी आली होती. फळी गेली, उडी राहिली. हा क्रॉप मला शंभर टक्के पटतो, कारण फळी त्या गोष्टीतली नव्हती, बघणाऱ्याच्या अडचणीतली होती. चे गव्हेराचा कोर्दा या छायाचित्रकारानं ५ मार्च १९६० ला काढलेला फोटो घ्या. त्यात एका बाजूला दुसऱ्या एका माणसाचा चेहरा होता, दुसऱ्या बाजूला ताडाची पानं. दोन्ही कापली आणि सभेत उभा असलेला माणूस जगभरच्या भिंतींवरचा देव झाला. चित्र म्हणून ते बिनतोड आहे. पण तो कुठं उभा होता, कशासाठी उभा होता, यातलं काही त्यात उरलं नाही.

क्रॉपनं दृष्टिकोन बदलत नाही, हेही ध्यानात ठेवावं लागतं. लांबून काढलेला फोटो कितीही कापा, तुम्ही जवळ गेलात असं होत नाही. मागची माणसं पुढच्यांना चिकटलेलीच राहतात. शिवाय २४ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी निम्मी केली की हातात ६ उरतात. जवळ जायची हिंमत कात्रीतून मिळत नाही. बाजारात ती बोलण्यातून मिळते. बैल कितीला म्हणता, कुठले पाहुणे, असं विचारत विचारत दोन पावलं पुढं सरकता येतं.

बैलगाडा शर्यतीच्या घाटावर तर कात्रीची ताकद उघडी पडते. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, काही सेकंदांत संपते. लांब लेन्सवाले सगळे एकच फोटो घेऊन परततात: हवेतले खूर, धुरळा, फुललेल्या नाकपुड्या. कापून कापून एवढंच ठेवलं की वेग दिसतो, पण चढ जातो, आणि चढ गेला की तो घाट राहत नाही, कुठलंही मैदान होतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. एवढ्या वर्षांच्या भांडणात माझ्या मनात एकच गोष्ट येत राहिली. एकाच बारीच्या एकाच फोटोतून दोन्ही बाजूंना हवं ते कापून काढता येतं. एकीकडे शेपटीजवळचा हात, दुसरीकडे शिंगांवरचा गुलाल. दोन्ही खरे, आणि दोन्ही एकाच क्षणाचे.

नारायणगावातल्या तमाशाच्या राहुट्यांच्या फोटोत काय ठेवायचं, ते मात्र झटकन सांगता येतं. सुपारी ठरवायला आलेली यात्रा कमिटीची मंडळी आणि समोर फडाचा माणूस, एवढंच ठेवलं तर ती गावची कुठलीही बैठक वाटते. मागचा फडाच्या नावाचा फलक हवाच.

कधी मागचा फलक नव्हे, अख्खा डोंगरच लागतो. ३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही, हे एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं तेव्हा बाहेर कळलं. पुढच्या दिवसांतले फोटो मी पुन्हा पुन्हा बघितले आहेत. काहींत चिखल, जेसीबीचा दात, एनडीआरएफच्या जवानाचा हात, एखादं भांडं. ते बघून पोटात कालवतं. पण दूरवरून घेतलेल्या, वरपासून खालपर्यंत न कापलेल्या फोटोत हिरव्या डोंगराला पडलेली तपकिरी चीर दिसते आणि ती कुठं येऊन थांबली तेही दिसतं. पहिल्या फोटोत दुःख आहे, दुसऱ्यात दुःखाचं कारणही आहे. वर्तमानपत्राच्या कॉलमात बसवताना डोंगर कापला, तर वाचकाला रडू येईल, प्रश्न पडणार नाहीत. उतार कसा होता, पाऊस कसा मुरला, माती कुणी कशी हलवली, हे विचारायला डोंगर समोर लागतो.

आता कॉलमाची जागा मोबाइलच्या उभ्या पडद्यानं घेतली आहे. कॅमेऱ्याची चौकट आडवी, तीनास दोन. स्टेटसची उभी, नवास सोळा. आडवा फोटो त्यात बसवायचा तर दोन्ही कडा जातात, आणि आमच्याकडची माणसं बहुधा कडेलाच उभी असतात.

कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहायला आला. तोडणी सुरू झाली की पिल्लं सापडतात. वनखात्याची माणसं ती तपासतात, संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, आई बहुतेकदा रात्री येऊन घेऊन जाते. अशा एका उसाच्या फडात मी होतो. माझ्या फोटोत उजवीकडे प्लॅस्टिकचा क्रेट, त्यात दोन पिल्लं, भोवती मोबाइल उंचावलेले हात. डावीकडे तोडणी थांबल्यामुळं उभ्या राहिलेल्या दोन बायका. हातातले कोयते खाली, नजर क्रेटवर नाही, बांधावर खेळणाऱ्या आपल्या पोरांवर. पिल्लं मागायला मला बऱ्याच जणांचे फोन आले, नुसती पिल्लं, उभ्या चौकटीत. मी आडवा फोटो पाठवला, आणि छापायचा असेल तर बायका आणि पोरं धरून पूर्ण छापा, असं प्रत्येकाला सांगितलं. दोघांनी छापला. बाकीच्यांना दुसऱ्या कुणाकडून तरी पिल्लं मिळाली.