जांभळे पाणी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय खाली उतरेल याचा नेम नसतो. आमच्या घरी हे काम माझ्याकडे असते. कारण उंची सोडली तर घराला उपयोगी पडेल असा दुसरा गुण माझ्या अंगी नाही, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. 2024 च्या दिवाळीआधी मी असाच शिडीवर चढलो होतो. आधी पितळी समई आली, मग माझ्या एम.ए.च्या टिपणवह्या आल्या आणि त्यांच्याखालून एक चपटी डबी निघाली. आत ‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाच्या दुसऱ्या भागाची तबकडी होती. डबीच्या पाठीवर माझ्या धाकट्या भावाच्या किरट्या अक्षरात लिहिले होते, ‘दादाने हात लावू नये.’

हा खेळ 1999 सालचा. त्यानंतरच्या वर्षी मिरजेच्या आमच्या घरात पहिला संगणक आला आणि त्याच्या मागोमाग ही तबकडी आली. मध्ययुगातले एक गाव वसवायचे. आरंभी तीन माणसे आणि एक घोडेस्वार हाताशी असतात. मग मेंढ्या हुडकायच्या, लाकूड तोडायचे, सोने आणि दगड खणायचे. आणि एवढा संसार थाटून झाला की कुणी तरी येऊन तो मोडायचा! बापू खेळे आणि मी शेजारी स्टुलावर बसे. कोपऱ्यातल्या इवल्याशा नकाशावर नजर ठेवून ‘शत्रू आला रे!’ म्हणून ओरडणे, एवढेच काम माझ्याकडे होते. ते मी अत्यंत निष्ठेने केले.

आमच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांनी ती डबी पाहिली आणि खेळ पाहिल्याशिवाय जेवायचे नाही असा पण केला. प्रश्नपत्रिका काढण्यासाठी मी एक जुना संगणक जपून ठेवला आहे. त्यावरची प्रणाली 2009 सालची. तबकडी आत घातली. ओळखीचे संगीत वाजले, माझा ऊर भरून आला, आणि पडद्यावर गाव उमटले. पाहतो तो काय, गवत तांबडे, पाणी जांभळे आणि गावकऱ्यांच्या तोंडावर कावीळ झाल्यासारखी झाक! माणसे मात्र बिचारी नेहमीसारखी कामाला लागली होती.

चिरंजीवांनी गंभीरपणे विचारले, “बाबा, तुमच्या वेळी पाणी असंच असायचं का?”

आता मराठीच्या प्राध्यापकाला यंत्राच्या दुरुस्तीचे जेवढे ज्ञान असते तेवढे मी पणाला लावले. संगणक बंद करून पुन्हा चालू केला. मागची वायर दाबून पाहिली. चित्राचा आकार बदलला. चित्रे काढणाऱ्या कार्डाची आज्ञावली पुसून पुन्हा घातली. त्यात एक रविवार गेला. शेजारच्या होतकरू तरुणाने कार्डच जळाले असल्याचे निदान केले आणि नव्याची किंमतही सांगितली. पाणी जांभळे ते जांभळेच राहिले.

तेव्हा चिरंजीव सहज म्हणाले, “काकाला विचारू या का?”

स्वयंपाकघरातला झारा क्षणभर थांबल्याचे मला ऐकू आले. कारण बापूशी माझे बोलणे तीन वर्षांपासून बंद होते. 2020 साली वडील गेले, ते टाळेबंदीचे दिवस. बापूला बंगळूरहून वेळेवर येता आले नाही. पुढच्या वर्षी मिरजेचे घर विकले. पैशावरून आमच्यात भांडण झाले नाही; झाले ते बोलण्यावरून. सोयऱ्याधायऱ्यांपैकी कुणी मला म्हणाले, ‘यायला जमले नाही, सहीला बरे जमले!’ कुणी त्याला आणखी काही सांगितले असेल. मी एक वाक्य बोललो, त्याने एक ऐकवले, आणि फोन खाली ठेवले गेले.

रात्री सगळे निजल्यावर मी त्याला फोन लावला. बरे आहे का, हे विचारायचा धीर होईना. म्हणून एकदम म्हणालो, “अरे, पाणी जांभळं दिसतंय.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आवाज आला, “आणि गवत तांबडं?”

“हो.”

“दादा, काही बिघडलेलं नाही.” आणि जणू कालच बोलणे झाले होते अशा सुरात त्याने मला समजावले. त्या काळच्या खेळांच्या चित्रात रंग साठवलेलेच नसतात. प्रत्येक ठिपक्यात असतो नुसता एक क्रमांक. कोणत्या क्रमांकाला कोणता रंग, याची 256 घरांची एक यादी वेगळी असते. त्यामुळे एका ठिपक्याला तीनऐवजी एकच बाइट पुरतो. 800 गुणिले 600 च्या पडद्यावर असे 4 लाख 80 हजार ठिपके, म्हणजे बचत केवढी! मात्र ती यादी सामायिक. खेळ चालू असताना डेस्कटॉपवरची चित्रे आणि खालची पट्टी काढणारा ‘एक्सप्लोरर’ नावाचा कार्यक्रम मागे आपले काम करीत राहतो आणि त्याच यादीत आपले रंग भरतो. त्याच्या मनात वाईट काही नसते. पण खेळाचे पाणी जांभळे होते.

मी म्हणालो, “म्हणजे निकालातले गुण तेच, पण परीक्षा क्रमांकापुढची नावांची यादी कुणी तरी बदलली!”

“अगदी बरोबर. गुण खोडत बसू नकोस. यादीत हात घालणाऱ्याला थोडा वेळ बाहेर काढ.”

त्याच्या सांगण्याप्रमाणे टास्क मॅनेजर उघडून मी एक्सप्लोरर बंद केला. खालची पट्टी गेली, चित्रे गेली, पडदा लग्नानंतरच्या मांडवासारखा ओका दिसू लागला. तिथूनच खेळ सुरू केला. गवत हिरवे होते. पाणी निळे होते.

मी काही बोलू शकलो नाही. मिरजेचा तो स्टूल मला आठवला. गेली तीन वर्षे तीच आठवण मी मनाशी वेगळ्या रंगात पाहत आलो होतो : हा लहानपणापासूनच आपमतलबी, खेळायला स्वतः आणि राखणीला मी. आणि खरे तर बारा-बारा वाजेपर्यंत मी आपखुशीने तिथे बसत असे. उठू लागलो तर तो हात धरून म्हणे, ‘दादा, तू बघतोस म्हणून जिंकतो.’ आठवणीतला एक ठिपकाही हललेला नव्हता.

“मेंढ्या सापडल्या का?” बापूने विचारले.

“दोन सापडल्या. बापू, त्या वेळी मी बोलायला नको होतं.”

“मीही,” तो म्हणाला. “खेळ संपल्यावर एक्सप्लोरर पुन्हा चालू करायला विसरू नकोस. नाही तर संगणकावर दुसरं काही सापडणार नाही.”

तेही खरेच. सोयऱ्यांना कायमचे बाहेर ठेवून संसार कुठे चालतो? पाडव्याला तो सहकुटुंब आला तेव्हा तीच मंडळी फराळाला होती. त्यांना बाहेर चिवड्यापाशी बसवून आम्ही दोघे आतल्या खोलीत गेलो आणि दार लोटून घेतले. बापू खुर्चीवर बसला. स्टुलावर माझ्याआधीच चिरंजीव बसले होते, म्हणून मी उभाच राहिलो.