तिसरी चढाई

देहूतला श्रोता नुसता ऐकायला बसत नाही. कीर्तनकाराने अभंगाचा एखादा चरण मागेपुढे केला, की टाळकऱ्यांच्या मागे बसलेल्या कोणत्यातरी आजी तो चरण हळूच नीट करून म्हणतात, आणि बुवांना ते ऐकू येईल याची काळजीही घेतात. यात कुणाला उद्धटपणा वाटत नाही. गाथा गावाची आहे आणि बुवा पाहुणे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. याच सवयीने आमचे गाव कबड्डी पाहते. चढाई करणारा परतायच्या आत 'बोनस घ्यायला पाहिजे होता' हा निर्णय मैदानाभोवती चार ठिकाणी जाहीर झालेला असतो.

तुकोबांच्या गाथेत खेळांवरचे अभंग आहेत. चेंडूफळी आहे, विटीदांडू आहे, टिपरी आहे, हमामा आहे. तेव्हा खेळावर बोलणे हे आमच्याकडे वायफळ समजत नाहीत. तरीही काही शहाणे मित्र मला विचारतात, की ज्या खेळात तू स्वतः उतरत नाहीस, त्यातल्या प्रशिक्षकावर रागवायचा तुला अधिकार काय? हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळतो आहे, आणि त्याचे कारण एक सामना आहे.

सामना आंतरमहाविद्यालयीन विभागीय स्पर्धेतला, उपांत्य फेरीचा. २०२४ साली, दिवाळीनंतर. कोणते कॉलेज ते मी लिहीत नाही. चाकणपासून निगडीपर्यंत आमच्या पट्ट्यात कॉलेजे काही थोडीथोडकी नाहीत, आणि संपादकांना या अंकानंतरही याच कॉलेजात राहायचे आहे. त्या संघात आमच्या आळीतला एक मित्र डावा कोपरा सांभाळायचा. तो रात्रपाळीला चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. सकाळी सातला सुटायचा, आठला मैदानावर यायचा आणि अकराच्या तासाला वर्गात झोपायचा. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, हे त्याच्या घरात सगळ्यांना पाठ होते. त्याचे नियम कडक आहेत आणि विभागीय सामन्याच्या कागदाला तिथे कुणी विचारत नाही; परंतु विद्यापीठाच्या संघाची वाट विभागातूनच जाते. म्हणून त्या दिवशी आम्ही सात-आठ जण तीन दुचाक्यांवर बसून गेलो होतो. संख्येत काही चूक नाही.

आता त्या क्षणाकडे येतो. गुण २७–२९. आमचा संघ दोनने मागे. घड्याळात साडेतीन मिनिटे. मॅटवर आमचे तीनच गडी उरलेले. ज्यांना कबड्डीची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो, की बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकड झाली तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. म्हणजे एका पकडीत बरोबरी! शिवाय नियम असा, की लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो. नाहीतर चढाई करणारा बाद. समोरचा संघ आघाडीवर होता. त्याला घाई नव्हती. तो पहिल्या दोन चढाया मध्यरेषेजवळ चालून संपवणार आणि तिसरीला मात्र आत यावेच लागणार, हे आमच्यापैकी प्रत्येकाला दिसत होते.

हिशेब सोपा होता. चढाई तीस सेकंदांची. त्यांची एक, आपली एक, त्यांची दुसरी, आपली दुसरी, मग त्यांची तिसरी. एकूण अडीच मिनिटे. म्हणजे तिसरी संपल्यावरही एक मिनिट हातात राहत होते. त्या तिसरीला चढाई करणारा खोलवर आला असता आणि डाव्या कोपऱ्यात ज्याची घोटा पकड आमच्या भागात प्रसिद्ध आहे तो उभा होता. तोवर थांबायचे, एवढेच काम.

त्यांचा गडी पहिल्या चढाईला आला. मध्यरेषेच्या एक पाऊल पुढे उभा राहून, डावीकडे-उजवीकडे डोलत, दम घालवत होता. त्याला गुण नको होता. इतक्यात आमच्या प्रशिक्षकांनी रेषेबाहेरून आरोळी दिली, "पुढे! पुढे! धर!"

मी त्यांच्या मागे, चार हातांवर बसलो होतो. आरोळी माझ्या कानात अजून आहे.

कबड्डीत बचाव करणारे एकमेकांचे हात धरून उभे असतात त्याला साखळी म्हणतात, आणि साखळीला एकच आवाज चालतो. तो आतला असावा लागतो. बाहेरून हाक आली, की एक कडी ऐकते आणि दुसरी ऐकत नाही. तसेच झाले. मित्र आणि त्याच्या शेजारचा मध्यरक्षक पुढे झेपावले, उजवा कोपरा जागेवर राहिला. समोरच्याने अर्धे पाऊल मागे घेतले, हात लांब करून दोघांना लावला आणि रेषेवर बसला. २७–३१. उरलेला एकटा चढाईला गेला, धरला गेला. तो एक गुण आणि लोणचे दोन. २७–३४. शेवटी २९–३५ असा सामना गेला.

हरण्याचे दुःख आम्हाला नवे नाही. पुढचे मात्र नवे होते. सामना संपल्यावर प्रशिक्षकांनी सगळ्या संघादेखत मित्राला विचारले, "एवढी घाई कसली होती? तिसरी होती का ती?" मित्र म्हणाला, "नाही सर." दुसरे काही बोलला नाही. पुढच्या वर्षी निवडलेल्या बारा जणांत त्याचे नाव नव्हते. कारण विचारले तेव्हा 'संयम कमी आहे' असे कळले.

येताना मी त्याला म्हटले, "अरे, सांगायचं ना, तुम्हीच ओरडलात म्हणून. मी ऐकलंय. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

तो म्हणाला, "सांगून काय? ओरडले ते, पण पाय माझेच होते ना."

यावर मला उत्तर सुचले नाही. पण पटलेही नाही आणि अजून पटत नाही. सैन्यात हुकूम पाळणाऱ्याला दोष देत नाहीत. कारखान्यात सुपरवायझरने सांगितलेले बटण दाबले आणि माल बिघडला तर निदान चौकशी तरी होते. खेळातच तेवढी अशी रीत आहे, की जिंकले तर डावपेच प्रशिक्षकाचे आणि हरले तर पाय खेळाडूचे.

न्यायाला धरून हेही सांगितले पाहिजे, की ते गृहस्थ आळशी नाहीत. मैदानावर पाणी मारण्यापासून मुलांना वडापाव खाऊ घालण्यापर्यंत ते स्वतः राबतात, खिशातले पैसे घालतात. तरुणपणी ते चढाईचे खेळाडू होते आणि माझ्या मते सगळी अडचण तिथेच आहे. प्रत्येक प्रशिक्षक मनातून स्वतःचाच जुना सामना खेळत असतो. चढाई करणाऱ्याला तीस सेकंदांत काहीतरी घडवायचे असते. थांबणे त्याला पराभवासारखे वाटते. बचाव करणाऱ्याचा सारा धंदाच थांबण्याचा. ज्याने आयुष्यभर दम धरून पुढे धाव घेतली, त्याला डाव्या कोपऱ्यात गुडघे वाकवून गप्प उभ्या असलेल्या माणसाचे काम काम वाटत नसावे.

त्याच वर्षी २९ डिसेंबरला प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना बालेवाडीला होता. देहूरोडला बायपास धरला की बालेवाडी आम्हाला घरच्यासारखी. मित्राला मी ओढूनच नेले. आता पुणेरी पलटणचे आम्ही भक्त, आणि ही भक्ती सोपी नाही. २०१४ आणि २०१५ या पहिल्या दोन्ही हंगामांत आमचा संघ तळाला! २०२२ साली अंतिम फेरी गाठली आणि मुंबईत जयपूरकडून २९–३३ असा हरला. अखेर १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाला २८–२५ हरवून अजिंक्यपद आले, प्रशिक्षक बी. सी. रमेश, कर्णधार आमच्या नगरकडचा अस्लम इनामदार. त्या सामन्यात पंकज मोहितेने एका चढाईत चार गुण आणले तेव्हा आमच्या आळीत कुत्रीसुद्धा जागी झाली होती. आणि डाव्या कोपऱ्यात होता इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, ज्याच्यासाठी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले होते.

नंतरच्या लिलावात शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. अस्लम दुखापतीने बसला. आदल्या वर्षीचे विजेते बाद फेरीतही पोचले नाहीत. आणि अंतिम सामना आमच्याच अंगणात, आमच्यावाचून! हरियाणाने पाटण्याला ३२–२३ असे हरवले. म्हणजे आमचाच डावा कोपरा आमच्याच गावात दुसऱ्याच्या अंगरख्यात चषक घेऊन गेला. लग्न आपल्या मांडवात आणि नवरा शेजारच्याचा, तशातली गत. त्या रात्री माझ्या शेजारच्या बाकावर संघमालक, लिलाव आणि निवड यांबद्दल जे बोलले गेले ते वार्षिक अंकात छापण्यासारखे नव्हते.

मित्र मात्र यातले काही ऐकत नव्हता. तो हरियाणाच्या प्रशिक्षकांकडे, मनप्रीत सिंगांकडे पाहत होता. हे गृहस्थ रेषेबाहेर असे काही नाचतात, ओरडतात, मांडीवर थाप मारतात, की त्यांच्यापुढे आमचे प्रशिक्षक मौनी बाबा ठरावेत. मला वाटले, झाले, माझा सारा सिद्धांत बुडाला. ओरडूनही माणसे जिंकतात! परंतु परतताना मित्र म्हणाला, "ते ओरडतात रे, पण पोरांची पकड चुकली की टाळ्या वाजवतात. पाहिलंस का?" मी पाहिले नव्हते. मी मॅटकडे पाहत होतो.

प्रशिक्षकाने काय होते याचा याहून मोठा दाखला महाराष्ट्राजवळच आहे. नाशिकच्या शैलजा जैन यांनी वर्षानुवर्षे तिथे मुली घडवल्या आणि मग त्या इराणला गेल्या. फारसी शिकल्या, मुलींना योगासने आणि प्राणायाम शिकवला. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या इराणी मुलींनी अंतिम सामन्यात भारताला २७–२४ असे हरवले. आदल्या दिवशी इराणच्याच पुरुषांनी आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीत १८–२७ असे घरी पाठवले होते. ज्या खेळात १९९० पासून आशियाई सुवर्ण आपल्या घरचे समजत होतो, तो खेळ आपल्याच घरची बाई परक्यांना शिकवून आली. त्या वेळी पुष्कळांना राग आला होता. मला वाटते, तो राग बाईंवर काढण्याचे कारण नव्हते. आपल्या संघाजवळ त्या का नव्हत्या, हे विचारायला हवे होते. आणि असे विचारणारा कोण, तर रेषेबाहेरचा माणूस. खेळाडू विचारू शकत नाही, त्याला पुढच्या वर्षी निवड व्हायची असते. संघटना स्वतःला विचारत नाही. उरलो आम्ही, ज्यांना निवडीची भीती नाही आणि मानधनाची आशा नाही.

म्हणून त्या शहाण्या मित्रांना माझे उत्तर असे, की मी चढाई करत नसेन. पण साडेतीन मिनिटांत किती चढाया बसतात हे मला मोजता येते, आणि कोण काय ओरडले हे मला ऐकू येते. ज्याने ऐकले त्याने ते सांगावे. इथे मी ते सांगितले आहे, कॉलेजचे नाव गाळून. ज्यांचे आहे त्यांना ते ओळखू येईल.

पलटणची रड काही संपत नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार, या वेळी तीनच गुणांनी, २८–३१. आळीतल्या दूरदर्शन संचापुढे त्या रात्री निदान अकरा प्रशिक्षक बसले होते आणि त्या सगळ्यांचे एकमताने ठरले, की शेवटची चढाई दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवी होती. कुणाला, यावर मात्र मारामारी व्हायची वेळ आली.

मित्र आता पदवी घेऊन त्याच कारखान्यात आहे, रात्रपाळीऐवजी दुसऱ्या पाळीला. रविवारी सकाळी इंद्रायणीकाठच्या मोकळ्या जागेत तो दहा-बारा वर्षांच्या पंधरावीस पोरांना कबड्डी शिकवतो. फी नाही; पोरांनी खडे वेचायचे आणि रेषा आखायची. मागच्या रविवारी मी तिथे गेलो, तर त्याने तीन पोरे बचावाला उभी केली होती आणि चौथ्याला सांगितले होते, की नुसता मध्यरेषेवर नाच, आत जाऊ नकोस. तीस सेकंद झाली. पुन्हा तीस सेकंद. त्यातला एक हडकुळा पोरगा राहवून न राहवून सारखा मित्राकडे बघत होता, धरू का म्हणून. मित्र दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता, आणि तोंडातून अक्षर काढत नव्हता.