पाठीवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती शब्दशः खरी करून दाखविणारीं असंख्य कुटुंबें अमेरिकेंत उन्हाळ्यापासून शरदापर्यंत रस्तोरस्तीं दृष्टीस पडतात. पुढें पिकअप नांवाची, मागें उघडा हौदा असलेली दांडगी मोटार, आणि तिच्या पाठीशीं पोलादी गोळ्यावर अडकविलेलें चाकांचें घर. त्यांत शेगडी, बिछाने, न्हाणी, पाण्याची टांकी, सर्व कांहीं असतें. या घरास तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. कोलोरॅडो राज्यांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या पुतण्याच्या आग्रहावरून आम्हीं उभयतांनीं गेल्या सप्टेंबर महिन्यांत अशा बिऱ्हाडासह डेन्व्हरपासून यूटाच्या वाळवंटापर्यंत प्रवास केला. डोंगर-नद्यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. येथें आम्ही मुख्यतः एकाच गोष्टीचा विचार करणार आहों. हें घर ओढण्यास पेट्रोल किती लागतें, इतकें कां लागतें, आणि तें वांचवावें कसें?

पुतण्याची पिकअप एकटी धांवते तेव्हां एका गॅलनास सुमारें २० मैल जाते. अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारें पावणेचार लिटर. मागें घर जोडलें कीं तोच आंकडा ९ वर येतो. प्रथमदर्शनीं कोणासही वाटेल कीं, हा सारा वजनाचा प्रताप असावा. ओझें वाढलें कीं बैल दमतो, हा आपला पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. परंतु बैलगाडी तासाला दोन-अडीच मैल चालते. वारा तिला फारसा अडवीत नाहीं. मोटारीची गोष्ट निराळी. सपाट रस्त्यावर भरधांव जातांना तिचें पुष्कळसें बळ हवा बाजूला सारण्यांत खर्च होतें. ट्रेलरची समोरची भिंत सुमारें आठ फूट रुंद आणि रस्त्यापासून दहा फुटांहून उंच. पिकअपच्या टपावरून डोकें वर काढणारी ही भिंत साऱ्या वाटेवर वायुदेवतेशीं झगडत असते.

या झगड्याचें गणित शाळेंतील मुलासही करतां येईल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. तासाला ६० मैलांऐवजीं ७५ मैल जावयाचें म्हटलें तर वेग सव्वापट होतो. परंतु हवेचा विरोध दीडपटीहून थोडा अधिक होतो, आणि त्यावर मात करण्यास एंजिनास लागणारी शक्ति जवळजवळ दुप्पट होते. आतां या खर्चाच्या बदल्यांत पदरांत काय पडतें तें पाहा. शंभर मैलांच्या मजलेंत अवघीं वीस मिनिटें वांचतात!

ही गोष्ट त्या राष्ट्रास पूर्वींच कळलेली आहे. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल अडवून धरलें, तेव्हां १९७४ च्या आरंभीं कायदा करून सर्व देशभर तासाला ५५ मैलांची मर्यादा घालण्यांत आली. लोकांस ती जाचक वाटे, व १९९५ सालीं ती उठविण्यांत आली. कायदा गेला, पण हवेचा नियम कोण उठविणार? त्याहीपूर्वीं, १९३४ सालीं, हॉली बोलस नांवाच्या विमानकारागिरानें अॅल्युमिनियमच्या पत्र्याचें, निमुळत्या गोलाईचें फिरतें घर बांधलें. लिंडबर्गनें ज्या विमानांतून १९२७ सालीं अटलांटिक महासागर ओलांडला, त्याच्या बांधणीवर देखरेख ठेवणारा हाच गृहस्थ. विमान बांधणाऱ्यास वाऱ्याची किंमत ठाऊक असणें स्वाभाविकच होय.

मात्र वजनास अगदींच महत्त्व नाहीं, असें कोणीं समजूं नये. डेन्व्हर शहर ५,२८० फूट उंचीवर आहे. तेथून पश्चिमेस निघालें कीं रस्ता चढत चढत आयझेनहॉवर बोगद्यापाशीं ११,१५८ फुटांवर जातो. हा बोगदा १९७३ सालीं खुला झाला. या चढावर मात्र एकेक शेर ओझ्याचें मोल पेट्रोलानें चुकवावें लागतें. आमच्या ट्रेलरच्या टांकींत ४० गॅलन पाणी मावतें, म्हणजे दीडशें किलो. सूनबाईनें निघण्यापूर्वीं ती जवळजवळ रिकामी करविली. पिण्याचें पाणी तेवढें डब्यांत वेगळें भरून घेतलें. मुक्कामाच्या ठिकाणीं नळ असतांना डोंगरावर पाणी वाहून नेण्यांत काय अर्थ? यक्षानेंही मेघास कोठें रितें व्हावें आणि कोठें पुन्हां पाणी प्यावें, हें वाटेवरच नेमून दिलें होतें, त्याची आम्हांस आठवण झाली.

उताराविषयींही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे घाट उतरतांना कांहीं चालक गिअर सोडून पेट्रोल वांचवूं पाहतात. ही काटकसर खोटी आणि घातक आहे. खालच्या गिअरमध्यें एंजिनच गाडीस आवरून धरतें, आणि त्या वेळीं हल्लींचीं एंजिनें इंधनाचा पुरवठा बहुधा आपण होऊनच तोडतात. त्यामुळें पेट्रोलही वांचतें आणि ब्रेकही तापत नाहींत.

आमची खरी कसोटी पुढेंच होती. ग्रँड जंक्शन येथें टांकी कांठोकांठ भरली. तींत २६ गॅलन मावतात. तेथून यूटामधील ग्रीन रिव्हर हें खरबुजांकरितां नांवाजलेलें गांव सुमारें १०० मैल आहे. सकाळपासून पश्चिमेचा वारा समोरून येत होता. ६० च्या वेगास १५ चा वारा समोरून मिळाला कीं हवेच्या दृष्टीनें गाडी ७५ नेंच धांवत असते. ग्रीन रिव्हरला पोंचलों तेव्हां १३ गॅलन संपले होते. गांवाबाहेर पाटी होती, तिचा आशय असा कीं, पुढें ११० मैल कोणतीही सोय नाहीं. सलायना गांव येईपर्यंत वाटेंत ना पंप, ना खाणावळ.

पंपापाशीं गाड्यांची लांब रांग होती. पुतण्या म्हणाला, "अजून निम्मी टांकी आहे, काका. गॅलनास नऊ मैल धरले तरी ११७ मैल जाऊं. अंधारापूर्वीं पोंचलेलें बरें." त्याची घाईही अकारण नव्हती. आमच्या मंडळींस मधुमेह आहे. त्यांचें जेवण आणि औषध वेळेवर व्हावें लागतें. परंतु सूनबाईपाशीं एक वही होती, व तींत प्रत्येक वेळीं भरलेलें पेट्रोल आणि चाललेले मैल टिपलेले होते. ती शांतपणें म्हणाली, "नऊ हा वारा नसतांनाचा आंकडा. आजचा आंकडा काय पडतो, काका, तुम्हीच भागाकार करा." आम्हीं केला. शंभरास तेरांनीं भागिलें असतां आठही येत नाहींत. त्या हिशेबानें उरलेल्या तेरा गॅलनांत कसेबसे १०० मैल झाले असते, आणि पुढें तर चढ होता! पुतण्यानें मुकाट्यानें गाडी रांगेंत लावली. तेवढ्या वेळांत मंडळींचें जेवण उरकलें.

ग्रीन रिव्हर सुमारें चार हजार फुटांवर. तेथून सॅन रफाएलच्या उभ्या शिळांमधून रस्ता सात हजारांवर चढतो. लाल-पिंवळे कडे, खोल दऱ्या, आणि माणसाची वस्ती कोठेंच नाहीं. सौंदर्य खरें, पण त्या निर्जनांत गाडी थांबली असती तर म्हाताऱ्या माणसानें आणि लहान मुलांनीं काय करावयाचें? पुतण्यानें वेग ५५ ते ६० च्या आंतच ठेवला. दिवेलागणीस सलायनाला टांकी पुन्हां भरली, तेव्हां वहींत १५ गॅलनांची नोंद झाली. तेरांत हा प्रवास पुरा झाला नसता, हें निराळें सांगावयास नको.

पुढील सर्व प्रवासांत पुतण्यानें वेगाचा कांटा साठावर जाऊं दिला नाहीं. ट्रेलरच्या पुष्कळ टायरांची मर्यादाच मुळीं ६५ मैलांची असते, हेंही त्यानें टायरांवरील अक्षरें वाचून पाहिलें. सकाळीं टायर थंड असतांना हवा तपासावी, नको तें सामान घरीं ठेवावें, आणि वारा उठण्यापूर्वीं पहांटेच निघावें, हे नेम त्याच्या अंगवळणीं पडले.

काटकसर म्हणजे कद्रूपणा नव्हे. जेथें खर्च करावयाचा तेथें तो करतां यावा, म्हणून जेथें वांचेल तेथें वांचविणें ही काटकसर. ग्रीन रिव्हरच्या रांगेंत उभें राहणें हाही तिचाच भाग होता. ज्या वाचकांचीं मुलेंबाळें तिकडे आहेत, आणि ज्यांना असा प्रवास घडण्याचा योग आहे, त्यांनीं वडीलकीच्या नात्यानें साठाचा आग्रह अवश्य धरावा, आणि हिशेबाची वही सुनेच्या हातीं द्यावी.