चाळिशी

चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास नाकावर बसणाऱ्या उपनेत्रासही आपण ‘चाळिशी’च म्हणतों. वृद्धांस ती शोभते. परंतु भिंग दहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांवर यावयाचें म्हटलें, कीं घरांत चिंता सुरू होते. आमच्या नातीस फळ्यावरील अक्षर दिसेना व डॉक्टरांनीं चष्मा सांगितला, तेव्हां आमच्या वहिनी म्हणाल्या, “भावोजी, मुलीची जात आहे. पुढें लग्न जमतांना अडेल. आणि एकदां चष्मा लागला कीं नंबर वाढतच जातो म्हणे!”

शंका टाळण्यासारखी नव्हती. म्हणून भिंगांत काय घडतें तें मीं त्यांस सांगितलें.

पोकळींत प्रकाश सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर धांवतो. पाण्यांत त्याचा वेग याच्या सुमारें पाऊणपट व साध्या कांचेंत सुमारें दोनतृतीयांश होतो. तिरपा आलेला किरण असा मंदावला कीं वळतो. यास वक्रीभवन म्हणतात. पंचपात्रींतील पळी पाण्याशीं वांकलेली दिसते, ती त्यामुळेंच. इटलींत तेराव्या शतकाच्या अखेरीस चष्मे प्रचारांत आले. त्यांनीं नजर कां सुधारते, हें मात्र केप्लर या ज्योतिर्विदानें १६०४ सालीं उलगडलें.

मध्यें जाड असलेलें बहिर्गोल भिंग किरण एकत्र आणतें. उतारवयांत डोळ्यांतील नैसर्गिक भिंग ताठर होऊन जवळचें दिसेनासें होतें, तेव्हां तें उपयोगी पडतें. कडेस जाड असलेलें अंतर्गोल भिंग किरण पसरवितें. नातीचा नेत्रगोल किंचित् लांबट असल्यानें दूरचे किरण डोळ्यांतील पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात. अंतर्गोल भिंग त्यांस पसरवून तो बिंदु मागें, नेमका पडद्यावर नेतें. तिचा नंबर उणे २. म्हणजे चष्म्यावांचून अर्ध्या मीटरपलीकडे तिला सर्व धूसर.

राहिली नंबराची गोष्ट. वाढत्या वयांत नेत्रगोल लांबत जातो, म्हणून नंबर वाढतो; योग्य चष्म्यामुळें नव्हे. काठी घेतल्यानें कोणी लंगडा होत नाहीं. मुलांनीं दिवसाउजेडीं बाहेर खेळावें, हें मात्र डोळ्यांस हितकर ठरलें आहे.

वहिनींच्या हातांत पोथी होती आणि नाकावर चाळिशी. मीं इतकेंच विचारलें, “ही उतरवून एक ओवी वाचतां का?” त्या हसल्या.

आपल्या पोथीसाठीं लागणाऱ्या भिंगाचा संकोच आपणांस वाटत नाहीं. मग तिच्या विद्येसाठीं लागणाऱ्या भिंगाचा कां वाटावा? ज्या घरास सुनेच्या चष्म्याचें वावडें असेल, तेथें मुलगी न दिलेलीच बरी.