जुन्या पिकअपला मागचा स्टॅबिलायझर बार

भाडं मारणाऱ्या आणि स्वतःचा माल स्वतः नेणाऱ्यांसाठी ही नोंद.

आमची पिकअप जुनी, पण इंजिन दमदार. सासवडहून निघायचं, दिवे घाट उतरून हडपसरमार्गे पहाटे पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचायचं. फ्लॉवर वजनाला हलका, पण थप्पी उंच लागते. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते आणि पुढच्या वळणाला उलटा झोका देते. हल्ली रात्री गाडी पुतण्या नेतो. म्हणून यंदा मागे स्टॅबिलायझर बार टाकला. सामान नाना पेठेत मिळालं.

हा बार म्हणजे स्प्रिंग स्टीलचा वाकवलेला दांडा. मधला भाग एक्सलला, दोन्ही टोकं लिंकने चेसिसला. एकाच बाजूचा पाटा दबला की दांडा पिळतो आणि कलणं रोखतो. दोन्ही पाटे सारखे दबले तर तो नुसता फिरतो. म्हणजे बारमुळे वजन उचलायची ताकद एका क्रेटनेही वाढत नाही.

जाडीचा मोह नको. 20 मिमीऐवजी 22 मिमी घेतला तर कडकपणा जवळपास दीडपट होतो. मागचा भाग फार कडक झाला तर रिकामी गाडी पावसात वळणावर मागून घसरू शकते. शेतरस्त्याला एका चाकाचा हिसका दुसऱ्यालाही बसतो.

बसवण्याआधी पाट्यांचे बुश, शॉकॉप आणि टायरची हवा बघा. ते ढिले असतील तर बार काही करणार नाही. दांड्याला वेल्डिंग करू देऊ नका, स्टीलचं पाणी उतरतं आणि तिथूनच तडा जातो. क्लॅम्प आणि बोल्टवरच बसवा. ब्रेकच्या पाइपला घासत नाही ना, बघा. शे-दोनशे किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे, तेव्हा आरटीओत आधी विचारलेलं बरं.

घाटात झोका खरंच कमी झालाय. पण पुतण्याला एकच गोष्ट बजावलीय. पूर्वी गाडी कलली की पाय आपोआप ब्रेकवर जायचा. आता ती कमी कलते, म्हणजे इशाराही उशिरा मिळतो. थप्पी तेवढीच उंच असते. तेव्हा वेग जुनाच ठेवायचा, आणि जड माल खाली, हलका वर.