सरळ रेषेची तालीम

सरळ उडवणं ही शिकवायला सर्वांत अवघड गोष्ट आहे, कारण ती आपल्याला येतेच असं प्रत्येकाला वाटत असतं. रेडिओवरच्या विमानाच्या हवाई कसरती शिकायला येणारी मुलं मोबाइलवर स्नॅप रोल आणि स्पिन पाहून आलेली असतात. त्यांना पहिले कित्येक दिवस मी एकच काम देतो. धावपट्टीला समांतर, एकाच उंचीवर, एकाच अंतरावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत. बस्स. चेहरे पडतात, पण दोन-चार फेऱ्यांत त्यांच्याही लक्षात येतं की आपलं विमान सरळ जातच नाही.

ज्या स्पर्धेसाठी ही तयारी, तिला आमच्याकडे नुसतं ‘पॅटर्न’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या वर्गवारीत तिचं नाव एफ-३-ए. विमान लांबीला आणि पंखांना जास्तीत जास्त दोन-दोन मीटर, वजन पाच किलोच्या आसपास. उडवणारा जमिनीवर एका जागी उभा. त्याच्यासमोर साधारण १५० मीटरवर एक काल्पनिक उभा पडदा आहे असं समजायचं, डावीउजवीकडे ६० अंश आणि वरही ६० अंश. या चौकटीला ‘बॉक्स’ म्हणतात. हिशेब केला तर मधोमधपासून प्रत्येक बाजूला सुमारे २६० मीटर मिळतात. सगळ्या आकृत्या या पडद्यावर, ठरलेल्या क्रमाने, मध्ये न थांबता काढायच्या. प्रत्येक आकृतीला दहापैकी गुण, आणि ती जितकी अवघड तितका तिचा गुणक मोठा. रेष साधारण १५ अंशांनी कलली की एक गुण गेला. मागे बसलेले जज विमानाचा पराक्रम मोजत नाहीत, भूमिती मोजतात.

इथे डोळा दगा देतो. विमान समोर असताना १५० मीटरवर असतं, बॉक्सच्या टोकाला पोचेपर्यंत ते आपल्यापासून ३०० मीटर झालेलं असतं. अंतर दुप्पट झालं म्हणून ते लहान दिसतं, आणि उंची तीच असली तरी क्षितिजाकडे उतरल्यासारखं दिसतं. शिकणाऱ्याला वाटतं, लांब चाललं, खाली चाललं. तो नकळत विमान आत घेतो आणि थोडं वर चढवतो. त्याच्या मते रेष सरळ असते. प्रत्यक्षात तो स्वतःभोवती एक कमान काढत असतो. एनसीसीच्या एअर विंगमध्ये कंट्रोल-लाइन विमानं उडवून आलेली एक मुलगी माझ्याकडे शिकायची. दोन तारांच्या टोकाला विमान बांधून गोल फिरवण्यात तिचा हात इतका पक्का झाला होता, की रेडिओवरही तिचं विमान टोकाला जाऊन हळूहळू तिच्याभोवती वळायचं. तिला दोन दिवस मी रेडिओ धरूच दिला नाही. शंभर पावलं बाजूला, धावपट्टीच्या टोकापाशी उभं केलं आणि दुसऱ्याच्या विमानाची रेष तिथून, म्हणजे टोकाकडून बघायला लावली. तिथून कमान लपत नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “सर, सरळ उडवायचं तर ते लांब गेल्यासारखं दिसलंच पाहिजे ना?” या प्रश्नानंतर तिला शिकवणं सोपं झालं.

सरळ रेषेचा एवढा हट्ट का, त्याचं कारण सांगतो. या खेळात चूक जिथे दिसते तिथे ती घडलेली नसते. स्टॉल टर्न घ्या. विमान सरळ वर चढतं, थ्रॉटल कमी होतं, वेग जवळजवळ संपतो, त्या क्षणी रडर, म्हणजे शेपटीचं उभं पातं, मारायचा आणि विमानाने जागच्या जागी वळून त्याच रेषेवर खाली यायचं. फार तर अर्ध्या पंखविस्ताराएवढ्या त्रिज्येत ते वळलं पाहिजे, त्याहून मोठा फेर घेतला की गुण जायला लागतात. मुलाचं वळण फसतं. तो म्हणतो, “रडर उशिरा मारला.” पुढच्या खेपेला लवकर मारतो, तरी फसतं. मग मी त्याला मागे नेतो. वळताना विमान तिरकं का गेलं? कारण वर चढणारी रेष मुळात उभी नव्हती, जराशी बाहेरच्या बाजूला झुकली होती. ती का झुकली? कारण एलिव्हेटर, म्हणजे शेपटीचं आडवं पातं, ओढून वर घेताना पंख आडवे समतल नव्हते. ३०० मीटरवर दोन मीटरच्या विमानाचा पंख चार अंश कललेला सहज कळत नाही, पण ओढल्याबरोबर तो कल रेषेत उतरतो. पंख समतल का नव्हते? कारण त्याआधीच्या आकृतीतून बाहेर पडल्यावर सरळ रेषेला त्याने वेळच दिला नाही. रडरचा या सगळ्याशी संबंध नव्हता. रडरचा सराव तो महिनाभर करत बसला असता आणि ते वळण तसंच राहिलं असतं.

म्हणून मी आकृती बघतच नाही, आकृतीच्या आधीची रेष बघतो. ती नीट असेल तर पुढचं बहुतेक वेळा नीट होतं. जुन्या पद्धतीत वैमानिक एकेक आकृती समोर दाखवायचा आणि पुढचीसाठी मोकळं वळण घेऊन यायचा, त्या वळणात विमान सावरायला अवसर मिळे. १९८० च्या दशकात टोकाची वळणंही गुणांत आली. तेव्हापासून सावरायला जागा उरली ती दोन आकृत्यांमधल्या रेषेतच. जो तिथे घाई करतो, तो मागच्या आकृतीची चूक उचलून पुढच्या आकृतीत नेतो.

पण वैमानिकाला दोष देण्याआधी विमान तपासायला हवं, आणि हे काम आपल्याकडे फार कमी लोक मनापासून करतात. विमान स्वतःहून डावीकडे ओढत असेल, तर हात उजवा रडर धरायला शिकतो. आठवड्याभरात तो ते जाणीव न ठेवता करतो. पुढे विमान दुरुस्त केलं तरी हात उजवीकडेच दाबत राहतो, आणि ही सवय मोडायला शिकवण्याइतकेच दिवस लागतात. म्हणून वारा नसलेली सकाळ सरावात घालवू नका, ट्रिमसाठी, म्हणजे विमान स्वतःहून सरळ चालेल असं जुळवण्यासाठी ठेवा. पूर्ण पॉवरवर सरळ वर सोडलेलं विमान डावीकडे झुकतं का, तसं असेल तर मोटर किंचित उजवीकडे वळवायची. ४५ अंशांच्या चढावर उलटं करून स्टिक सोडली की नाक किती लवकर पडतं, त्यावरून गुरुत्वमध्य पुढे आहे की मागे ते कळतं. थ्रॉटल बंद करून सरळ खाली आणलं की ते पाठीकडे वळतं का पोटाकडे. नाइफ एजला, म्हणजे पंख उभा ठेवून नुसत्या रडरवर चालवताना, ते गुंडाळायला लागतं का. शेवटच्या दोन गोष्टींसाठी रेडिओत थोडं मिक्सिंग, म्हणजे एका हालचालीबरोबर दुसरं पातंही आपोआप किंचित हलेल अशी जोडणी, घालता येतं. पण एका वेळी एकच बदल करायचा, तो वहीत लिहायचा आणि पुन्हा उडवून बघायचं. एका उड्डाणात तीन गोष्टी बदलल्या तर कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता वारा. आमच्या देशावर जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा माळावर थांबत नाही, आणि या चार महिन्यांत बरेच जण विमानं माळ्यावर टाकतात. मला हे अजिबात पटत नाही. पाऊस नसलेला, नुसता वारा असलेला दिवस मिळाला तर मी मुलांना फोन करून बोलावतो. नियम असा आहे की जज विमानाचं तोंड कुठे आहे ते बघत नाहीत, त्याचा मार्ग बघतात. स्टॉल टर्न किंवा स्पिनसारख्या, विमान हवेत थबकलेलं असतानाच्या क्षणांचा अपवाद सोडला तर प्रत्येक आकृती वाऱ्याची भरपाई करून मूळ आकारात दिसली पाहिजे. आडवा वारा असेल तर नाक वाऱ्याकडे वळवून चालवायचं, रेष मात्र धावपट्टीला समांतर. वाऱ्याला तोंड देऊन लूप सुरू केलात तर खालच्या भागात ओढ सैल ठेवायची आणि वरच्या भागात, जिथे विमान वाऱ्याबरोबर धावतं, तिथे घट्ट करायची. नाही तर वर्तुळाचं वरचं अंग वाऱ्याबरोबर वाहून जातं. हे समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात. बोटांत यायला मात्र एक अख्खा पावसाळा लागतो, आणि तो वाऱ्यातच जावा लागतो.

सिम्युलेटरबद्दल मला नेहमी विचारलं जातं. घ्या, जरूर घ्या. उलट्या विमानात रडर कोणत्या बाजूला द्यायचा, क्रम पाठ आहे की नाही, यासाठी त्याच्याइतकं स्वस्त साधन नाही. पण पडद्यावर ३०० मीटरचं अंतर खरं नसतं, म्हणून डोळा तिथे तयार होत नाही. क्रम पाठ करायला मी त्याहूनही साधा उपाय सांगतो. खेळण्यातलं विमान हातात धरून, अरेस्तीच्या चिन्हांचा कागद समोर ठेवून, अंगणात चालत सगळा कार्यक्रम करायचा. अरेस्ती हा स्पॅनिश वैमानिक. रेषा, कोन, रोल सगळं चिन्हांत लिहायची त्याची पद्धत मोठ्या विमानांच्या कसरतींसाठी होती, ती आम्हीही वापरतो. डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही दिशांनी करा. स्पर्धेच्या दिवशी वारा कुठून येईल ते तुमच्या हातात नसतं, आणि बऱ्याच मुलांची एक बाजू पक्की, दुसरी कच्ची राहिलेली असते.

मैदानातली बॅटरी मोजकीच मिळते, एक पॅक म्हणजे सात-आठ मिनिटं. त्या वेळात अख्खा कार्यक्रम एकदा उडवायचा की एकच आकृती सात-आठ वेळा, यावर आमच्यात दरवर्षी वाद होतो. माझं मत पक्कं आहे. स्पर्धा जवळ येईपर्यंत तुकडेच उडवा, पण तुकडा आकृतीचा नको. आधीची रेष, आकृती आणि नंतरची रेष, एवढा मिळून एक तुकडा. आकृती संपली म्हणून हात ढिला सोडणारा वैमानिक स्पर्धेत नेमका तिथेच गुण घालवतो.

शेजारी उभा राहणाऱ्या माणसाला कॉलर म्हणतात. पुढची आकृती कोणती ते तो वाचून सांगतो. प्रशिक्षकच बहुतेक वेळा कॉलर असतो आणि त्यामुळे घोटाळा होतो, कारण त्याला शिकवायचा मोह आवरत नाही. विमान हवेत असताना मी पुढच्या आकृतीचं नाव आणि फार तर दोन शब्द बोलतो. “पंख.” “बाहेर धर.” “थांब, रेष.” झालेल्या चुकीबद्दल हवेत अवाक्षर काढायचं नाही. ते ऐकून वैमानिकाचं मन मागे जातं आणि विमान पुढे गेलेलं असतं. उतरल्यावरही आधी त्यालाच विचारायचं, तुला काय दिसलं? त्याने सांगितलेली चूक माझ्या यादीतल्या चुकीशी जुळली तर मी फारसं बोलत नाही. जुळली नाही तर तेवढ्या एका गोष्टीवर बोलतो, बाकीच्या माझ्या वहीत राहतात. माझा डोळा त्याला कायम उसना मिळणार नाही, म्हणून त्याचा डोळा तयार होणं मला त्या दिवशीच्या गुणांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

१९६० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ड्यूबेनडॉर्फला या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि अमेरिकेचे एड काझमिर्स्की जिंकले. त्या काळच्या रेडिओत आजच्यासारखी हळुवार सरकणारी स्टिक नव्हती. छोटे खटके होते, रडर किंवा एलिव्हेटर पूर्ण लागायचा नाही तर अजिबात नाही. वैमानिक ते खटके टिचक्या मारल्यासारखे चालवून विमान वळवत. अशा यंत्राने गुळगुळीत रेष काढायची, तर चूक होण्याच्या आधी ती दिसणं भाग होतं, कारण नंतर हळूच सावरायची सोयच नव्हती. पुढे १९७७ मध्ये ऑस्ट्रियाच्या हानो प्रेटनर यांनी त्यांच्या ‘क्युरारे’ या विमानासह जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा स्टिक प्रमाणात सरकू लागल्या होत्या. आज आमच्याकडे दहा सेलच्या बॅटऱ्या आहेत, संगणक असलेले रेडिओ आहेत. मुलांना ही सगळी यंत्रं मिळावीत असं मला मनापासून वाटतं. त्याचबरोबर काझमिर्स्कींच्या खटक्यांची गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो, कारण हात सावरण्यात पटाईत झाला की डोळा आळशी होतो, हे मी वारंवार पाहिलं आहे.

डोळा तयार करायचा आणखी एक मार्ग आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. स्पर्धेत जजच्या शेजारी लेखनिक बसतो. जज गुण बोलतो, तो कागदावर उतरवतो. हे काम कंटाळवाणं समजून कोणी पुढे येत नाही, आयोजक शेवटच्या क्षणी कुणाला तरी पकडून आणतात. पण त्या खुर्चीत बसलं की एकाच आकृतीची वीस रूपं एकापाठोपाठ दिसतात, आणि प्रत्येकीवर लगेच एक आकडा ऐकू येतो. साडेआठ. सहा. सात. आपल्याला सुंदर वाटलेल्या लूपला सहा का मिळाले, हे विचारायला तिथे परवानगी नसते. म्हणून पुढच्या आकृतीच्या वेळी जास्त निरखून बघावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो, पहिल्या स्पर्धेत भाग घेण्याआधी एका स्पर्धेत लेखनिक म्हणून नाव द्या. शक्यतो दुपारच्या फेरीला, वारा वाढल्यावर.