अधिकार वाटून देणारं नेतृत्व

एका ख्रिस्ती नेतृत्व परिषदेत सेवक-पुढाऱ्याची कल्पना पुन्हा पुन्हा मांडली गेली. तिला आधार होता येशूने शिष्यांचे पाय धुतल्याच्या प्रसंगाचा, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायाचा. आपल्या मंडळ्यांमध्ये हा प्रसंग बहुधा नम्रतेचा धडा म्हणून सांगितला जातो. परिषदेतल्या मांडणीवर विचार करताना माझं मत मात्र असं झालं, की नम्रता हा स्वभावगुण आहे आणि केवळ कुणाच्या स्वभावाच्या भरवशावर मंडळी किंवा संस्था चालवू नये. सेवाभाव टिकवायचा तर अधिकार वाटून द्यावा लागतो, हिशेब द्यावा लागतो आणि वेळेवर जागा सोडावी लागते. परिषदेतून मी घेतलेला धडा हाच आहे.

बायबल या बाबतीत अतिशय व्यवहारी आहे. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करत बसतो. तेव्हा त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो, की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेम. नहेम्या बारा वर्षं अधिपती होता, पण त्या पदाचा भत्ता त्याने घेतला नाही आणि तसं लिहूनही ठेवलं. प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय तर मला सर्वांत धाडसी वाटतो. रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती. प्रेषितांनी नुसती समजूत काढली नाही. मंडळीलाच सात जण निवडायला सांगितले. त्या सातांचीही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटपाचं काम आलं.

महाराष्ट्राचा इतिहासही हेच सांगतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांना आसरा दिला, तसंच कामही शिकवलं. त्यांच्या मराठी बायबलची छपाई तिथल्याच स्त्रियांच्या हातून झाली. रमाबाईंची मुलगी आणि उजवा हात असलेल्या मनोरमाबाई 1921 मध्ये वारल्या, पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या. तरी ती संस्था आजही चालू आहे. परदेशातल्या मदतीचा त्यात वाटा आहेच, पण नुसत्या पैशाने संस्था शंभर वर्षं टिकत नाही. याउलट रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला. कल्पना मोठी होती, पण 1919 मध्ये टिळक गेले आणि त्यांच्यामागे दरबार फार तग धरू शकला नाही. टिळकांना वेळ मिळाला नाही, हे खरं. पण पुढाऱ्याला किती वेळ मिळेल हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून पुढची माणसं पहिल्या दिवसापासून घडवावी लागतात.

यावर एक आक्षेप असा, की अधिकार वाटला की निर्णय रखडतात आणि संकटात एकहाती सूत्रंच उपयोगी पडतात. संकटात ते काही अंशी खरं आहे. पण संकट सरल्यावरही सूत्रं त्याच हाती राहिली, की प्रश्न विचारणारा माणूस शत्रू ठरू लागतो. दुसरा आक्षेप असा, की अशा परिषदा पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्रच बायबलची वचनं जोडून शिकवतात. ही शंका रास्त आहे. ‘ग्लोबल लीडरशिप समिट’ या ख्रिस्ती नेतृत्व परिषदेमागचे प्रमुख पाळक बिल हायबल्स यांनी गैरवर्तनाच्या आरोपांनंतर 2018 मध्ये आपल्या मंडळीचं पद सोडलं. आरोप त्यांनी नाकारले, तरी पुढच्या वर्षी स्वतंत्र सल्लागार गटाने ते विश्वसनीय ठरवले. नेतृत्वाचं उत्तम शिक्षण देणाऱ्यालाही जाब विचारणारी माणसं लागतात, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. यावरून परिषदा निरुपयोगी ठरत नाहीत. व्यासपीठावरचं वक्तृत्व हा चारित्र्याचा दाखला नव्हे, एवढं मात्र ठरतं.

म्हणून माझं मंडळ्यांच्या पाळकांना, पंचांना आणि संस्थाचालकांना सांगणं आहे: पदांची मुदत ठरवा, हिशेब सर्वांसमोर वाचा, ज्यांची तक्रार आहे त्यांना समितीत घ्या आणि आपल्यानंतर काम कोण पाहणार ते आपण असतानाच ठरवा. येशूच्या सेवेचा वारसा आपण सांगतो. तो खरा ठरवण्याची सुरुवात येत्या वार्षिक सभेपासून करा.